तुटण्यासाठी ओवलेला हार

नवीन मोटारसायकल पडते ती एकतर पहिल्या दहा फुटांत, नाहीतर पहिल्या दहा दिवसांत. पुढे कधी पडलीच तर त्याची कारणं सगळ्यांना ठाऊक असतात. खड्डा, कुत्रं, फोन, घाई. पहिल्या दहा दिवसांतली कारणं मात्र वेगळी असतात आणि गिऱ्हाईक ती कुणाला सांगत नाही. लाजतो बिचारा. घरी सांगतो, समोरून ट्रक आला. मला मात्र खरं सांगायचा, कारण आरसा आणि इंडिकेटर बदलून घ्यायला माझ्याकडेच यावं लागायचं.

मी डिलिव्हरीवाला. नाशिकच्या आग्रा रोडवरच्या एका मोटारसायकलच्या शोरूममध्ये उभा जन्म गेला म्हटलं तरी चालेल. शोरूमच्या दर्शनी भागात टाय लावलेली विक्रीची मुलं असतात, मागे काळ्या हातांचे मेकॅनिक असतात आणि या दोघांच्या मध्ये किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक माणूस उभा असतो. कागद पुरे झाले, गाडी धुऊन पुसून तयार झाली की ती गिऱ्हाइकाच्या हातात देण्याचं काम त्याचं. माझं आडनाव खैरनार, गाव देवळ्याकडचं. पण शोरूममध्ये मला शेठ सोडून सगळे काकाच म्हणत. माझ्याहून मोठी माणसंसुद्धा म्हणत आणि मी ऐकून घेत असे.

लोकांना वाटतं, गाडी कारखान्यातून येते ती चालवायला तयार. तसं नसतं. ट्रकमधून उतरलेल्या गाडीच्या टायरमध्ये हवा जास्त असते, बॅटरी झोपलेली असते, आरसे खोक्यात असतात. ते सगळं जागच्या जागी लावून, एकेक नट आवळून, दिवे-ब्रेक बघून, एक चक्कर मारून मगच गाडी बाहेर काढायची. तरी दोन गोष्टी कुठल्याच मेकॅनिकच्या हातात नसतात. नव्या टायरवर एक गुळगुळीत थर असतो, तो रस्त्यावर घासल्याशिवाय जात नाही. आणि नवे ब्रेक काही दिवस वापरून बसल्याशिवाय नीट पकडत नाहीत. म्हणजे गाडी जेव्हा सगळ्यात देखणी असते तेव्हाच ती सगळ्यात कमी भरवशाची असते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो आणि त्या वेळी प्रत्येक गिऱ्हाईक पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात धरून फोटो काढून घेत असायचं.

पहिल्या दहा फुटांतला माझा सर्वांत लाडका किस्सा लिंबाचा आहे. पूर्वी गाडीची पूजा आम्ही आतच करायचो, चकचकीत फरशीवर. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी पुढे नेऊन ते चिरडायचं, ही आपली सगळ्यांची पद्धत. बँकेतले एक साहेब आले होते. वीस वर्षं हाताच्या गिअरची स्कूटर चालवलेली, मोटारसायकल ही पहिलीच. लिंबू एका दमात फुटलं पाहिजे या जिद्दीने त्यांनी असा काही अॅक्सिलरेटर पिळला की लिंबू फुटलं, त्याच्या रसावरून चाक घसरलं आणि साहेब गाडीसकट आमच्या कॅशियरच्या टेबलापाशी हजर झाले. कॅशियर शांतपणे म्हणाला, साहेब, पावती मघाशीच दिली की. दुसऱ्या दिवसापासून पूजा बाहेर, खरबरीत सिमेंटवर सुरू झाली.

दुसरे एक सटाण्याकडचे निवृत्त सुभेदार. त्यांची जुनी गाडी अशी होती की गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. आताच्या सगळ्या गाड्यांना उलटं. मी त्यांना चार वेळा सांगितलं, त्यांनी चार वेळा मान डोलावली. शोरूमसमोर एक रसवंती होती. तिच्यासमोर आल्यावर एक गाय आडवी आली आणि सुभेदारांच्या पायांना एकदम जुनी नोकरी आठवली. डावा पाय जोरात दाबला. तिथे ब्रेक नव्हता, गिअर होता. गाडी उसाच्या मोळीत घुसली. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. मी पळत गेलो तर ते मोळीवर बसून उसाचं कांडं सोलत होते. आपल्या अहिराणीत म्हणाले, "काका, गाडी चांगली शे. मनी सवय वाईट शे." मग महिनाभर रोज पहाटे मोकळ्या मैदानावर जाऊन ते गोल गोल फिरत राहिले, पाय नव्याने शिकवत. सत्तरीच्या घरातला माणूस. असा विद्यार्थी मी पुन्हा पाहिला नाही.

आणखी एका माउलीने मुलाच्या गाडीची पूजा करताना चाकातली चकती तेवढी चकाकते म्हणून तिलाच तुपात कालवलेलं कुंकू लावलं. ती चकती म्हणजे डिस्क ब्रेक. पुढचा सिग्नल त्या मुलाने थेट ओलांडला. सुदैवाने सिग्नलवर पोलीस नव्हता आणि रिक्षाही नव्हती. तेव्हापासून पूजेच्या वेळी मी डिस्कवर जुनं वर्तमानपत्र गुंडाळून ठेवू लागलो.

तुम्ही हसाल. मीही हसायचो. पण गाडी पडल्यावर स्वतःला हसून पुन्हा किल्ली फिरवणारी ही माणसं मला मनापासून आवडायची. मला सांगायचं आहे ते मात्र एका पडण्याबद्दल, ज्यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि ज्यात चूक गिऱ्हाइकाची नव्हती.

दसरा आणि दिवाळीचा पाडवा हे आमचे दोन मोठे दिवस. दसऱ्याला सकाळी सातपासून बाहेरच्या सिमेंटच्या रॅम्पवर गाड्यांची रांग लागायची आणि प्रत्येक गाडीला हार पाहिजे. नव्या गाडीचा हार घरी पोचेपर्यंत काढायचा नाही, ही आपल्याकडची ठरलेली रीत. घरची बाई औक्षणाचं ताट घेऊन दारात उभी असते, तिला गाडी हारासकट दिसली पाहिजे. त्यामुळे हार काढून ठेवा असं मी सांगायला गेलो तर लोक माझ्याकडे असे बघायचे की जणू नव्या नवरीचं मंगळसूत्र काढायला सांगितलं. हँडलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हार, मधला झोल हेडलाइटवरून खाली मडगार्डपर्यंत. गाडी लासलगावला जावो की देवळ्याला, हार तसाच.

हे हार आम्हाला कौसाबाई द्यायच्या. मखमलाबादच्या बाजूला त्यांची शेती, झेंडू आणि शेवंती स्वतःच्या मळ्यातली. रोज सकाळी पंचवटीत भाजी बाजाराच्या कडेला बसून फुलं विकायच्या आणि सणाला आमचं काम घ्यायच्या. बुटक्या, काटक, बोलणं कमी. बोट न बघता चालायचं. हार केळीच्या सोपटात ओवायच्या. केळीच्या खोडाचं साल सुकवून काढलेला तो धागा. ओला असला की चिवट, वाळला की ठिसूळ. सोपटाचे हार दिसायला फार देखणे, पण गर्दीत कुणाचा हात लागला, फोटोसाठी कुणी ओढला की तुटायचे. तुटलेला हार म्हणजे अपशकुन. एका दसऱ्याला सिन्नरच्या एका कुटुंबाने तेवढ्यासाठी सगळी पूजा पुन्हा मांडायला लावली आणि मागची रांग अर्धा तास खोळंबली. शेठ माझ्यावर उखडले.

माझा स्वभाव तापट. पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी स्वतः रविवार कारंज्यावर जाऊन हिरव्या नायलॉन दोऱ्याचं मोठं रीळ आणलं आणि कौसाबाईंच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, यंदा सगळे हार यात ओवा.

त्यांनी दोरा बोटाला गुंडाळून ओढून बघितला. बोटाला वळ उठला.

"काका, ह्यो काय तुटायचा नाय," त्या म्हणाल्या.

"तेच तर पाहिजे आहे," मी म्हणालो.

त्या वर्षी एकही हार तुटला नाही. मी रॅम्पवर ऐटीत फिरत होतो. शेठनीही बोलून दाखवलं की खैरनार, या वेळी काम नीट झालं.

त्या दिवशी दुपारी लासलगावचा दत्तू गाडी घेऊन गेला. कांदा मार्केटात मापारी, म्हणजे आलेल्या मालाचं वजन करून ते लिहून देणारा. गाडी घेण्याआधी तीन वेळा येऊन गेलेला, शंका विचारून मला भंडावून सोडणारा माणूस. पण मी सांगितलेलं सगळं ज्याने खरोखर ऐकलं असं ते एकमेव गिऱ्हाईक. टायर गुळगुळीत आहेत, ब्रेक बसलेले नाहीत, चाळीसच्या वर जाऊ नकोस, हे त्याने माझ्यासमोर बायकोला पाठ म्हणून दाखवलं. बायको, मनीषा, पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन मागे बसली आणि दोघं गेले.

निफाडच्या अलीकडे गाडी पडली. सरळ रस्ता, पुढे-मागे कुणी नाही, वेग चाळिसाच्या आत. मनीषा गवतावर पडली, तिला मुका मार. दत्तूचं उजवं मनगट मोडलं. गाडी टेम्पोत घालून आमच्याकडे आली ती दोन दिवसांनी.

ती बघायला मला दोन मिनिटं पुरली. हाराचा मधला झोल वाऱ्याने हलून पुढच्या चाकात गेला होता. चाकाच्या मध्यावर हिरवा दोरा घट्ट गुंडाळलेला आणि त्याचं वरचं टोक हँडलची मूठ आणि पुढच्या ब्रेकची दांडी या दोन्हींभोवती फासासारखं आवळलेलं. सोपट असतं तर पहिल्याच हिसक्याला तुटलं असतं. नायलॉन तुटला नाही. चाकाने दोरा ओढला, फासाने ब्रेकची दांडी मुठीकडे ओढली आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. दत्तूच्या बोटांना यातलं काही करावंच लागलं नाही.

शेठनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, हार चाकात गेला. हे खोटं नव्हतं. कोणाचा हार, त्यांनी विचारलं. कौसाबाईंचा, मी म्हणालो. हेही खोटं नव्हतं. दोरा कुणी आणला हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शेठनी तिथल्या तिथे ठरवलं की पाडव्यापासून प्लास्टिकचे हार, कौसाबाईंना निरोप द्या. निरोप मीच दिला, फोनवर, चार वाक्यांत. त्यांनी फक्त विचारलं की माणूस कसा आहे.

गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. फुलबाजारात अशी बातमी पसरायला अर्धा दिवसही लागत नाही. कौसाबाईच्या हारानं माणूस पडला, असं पंचवटीत तोंडातोंडी झालं. त्या आणखी दोन शोरूमना आणि एका ट्रॅक्टरवाल्याला हार द्यायच्या, त्यांनीही हात आखडता घेतला. झेंडूचे दोन वाफे त्यांनी खास पाडव्यासाठी राखले होते, फुलं तयार होत आली होती. हे सगळं मला शोरूममध्ये उभ्या उभ्या कळत होतं. माझ्या एका वाक्याने त्यांच्या नावावरचा डाग धुऊन निघाला असता. ते वाक्य मी आठ दिवस गिळून बसलो. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, तेवढी मानाने काढावी असा हिशेब होता. माझी मला अजून लाज वाटते.

नवव्या दिवशी कौसाबाई शोरूमच्या मागच्या फाटकाशी आल्या. डोक्यावर फुलांची पाटी, हातात पिशवी. मला वाटलं, आता ही बाई शेठला भेटणार आणि सगळं सांगणार. मी विचारलं, शेठकडे जायचंय का.

"नाय," त्या म्हणाल्या. "मला एक चाक पाहिजे."

मला समजेना. त्यांनी पिशवीतून चार हार काढून पाटीवर मांडले. त्यांना बघायचं होतं की हार चाकात जातो म्हणजे नेमका कसा जातो. वर्कशॉपच्या कोपऱ्यात चाचणीची एक जुनी गाडी होती. तिचं पुढचं चाक जमिनीवरून उचलून मी ती ठोकळ्यावर उभी केली. पहिला हार माझ्या रिळाचा होता. तो दसऱ्यासारखाच हँडलला बांधला, मी चाक हाताने जोरात फिरवलं आणि कौसाबाईंनी झोल आत सोडला. कट्ट आवाज आला, चाक थांबलं. ब्रेकची दांडी आपोआप आत गेली, कुणी मुठीत दाबावी तशी. कौसाबाईंनी ती दांडी बोटाने चाचपून बघितली.

"आसा पडला तो?"

मी हो म्हणालो.

मग त्यांनी दुसरा हार लावला, साध्या सुती दोऱ्यातला. तो ताणला, पण गुंडाळला गेलाच. तिसरा सोपटाचा, तो तुटला. पण तुटताना अर्धा हार चाकात घेऊन गेला. चौथा त्यांनी घरी विचार करून केला होता. एक सलग हार नव्हताच तो. वीतभर लांबीचे वेगवेगळे तुकडे, प्रत्येकाला स्वतःचा दोरा, आणि दोन तुकड्यांमध्ये वाळक्या सोपटाचा एकच पीळ. जोडाच्या जागी शेवंतीचं मोठं फूल, म्हणजे दिसायला अखंड. चाक फिरवलं, झोल आत गेला, टप्प असा हलका आवाज झाला आणि एक तुकडा सुटून जमिनीवर पडला. चाक फिरतच राहिलं. बाकीचा हार जागच्या जागी होता. आम्ही दहा वेळा करून बघितलं, दहाही वेळा तसंच. माझ्या हाताखाली डिप्लोमा झालेली मुलं होती, मी स्वतः इतकी वर्षं गाड्या जोडत-सोडत होतो, आणि एवढं साधं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

जमिनीवरची फुलं त्या वेचत होत्या तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "कौसाबाई, नायलॉन मी आणला होता. तुम्ही शेठना का नाही सांगितलं?"

त्या फुलं वेचता वेचताच बोलल्या. "दोरा तुमचा, पन ववला मी ना? गाडीतलं तुमाला कळतं, हारातलं मला कळतं. तुटत नाय तो हार गाडीला घालू नये, ह्ये मला कळाया पाहिजे व्हतं. तुमचं नाव घिऊन माझी चूक कमी व्हती का?"

रागाचा सूर नव्हता. त्या हिशेब मांडावा तशा साधेपणाने बोलल्या. स्वतःच्या कामाची जबाबदारी अशी उचलणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि मी मात्र गाडीतलं सगळं कळणारा, दोऱ्याचं टोक ब्रेकच्या दांडीवर स्वतः बांधणारा, आठ दिवस तोंड मिटून होतो.

मी तसाच उठून शेठच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. शेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आठ दिवस झाले, खैरनार," ते म्हणाले. एवढंच. त्या पाडव्याला त्यांनी मला रॅम्पवर ठेवलं नाही, स्पेअर पार्टच्या स्टोअरमध्ये बसवलं. ते बरोबरच होतं. कौसाबाईंना आत बोलावून त्यांनी नवा हार हातात घेऊन बघितला आणि एक रास्त शंका काढली. हार वाटेत तुटणार, लोक अपशकुन म्हणून आपल्याच नावाने बोटं मोडणार, त्याचं काय करायचं? कौसाबाई म्हणाल्या, ते माझ्यावर सोडा. शेठनी प्लास्टिकच्या हारांचा बेत रद्द केला.

पाडव्याआधी मी आणि कौसाबाई लासलगावला जाऊन आलो, बसने. दत्तू ओट्यावर बसला होता, हात प्लास्टरमध्ये. आम्हाला बघून तोच ओशाळला. मनीषाने चहा केला. बोलता बोलता समजलं की त्याने गाडी विकायला काढली होती. आपण घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि बायकोला पाडलं, असं त्याने मनाशी धरलं होतं. मार्केटात सगळे तेच म्हणत होते, नवशिका आहे, दाबला असेल. मी त्याला दोरा कसा गुंडाळला, दांडी कशी ओढली गेली ते सगळं हाताने करून दाखवलं आणि दोरा माझा होता हेही सांगितलं.

"म्हंजे म्या नव्हता दाबला?" त्याने विचारलं.

"नाही."

"नक्की?" 

नक्की, मी म्हणालो. तो आत वळून बायकोला म्हणाला, "आगं, म्या नव्हता दाबला." आणि डाव्या हाताने डोळे पुसले. मनगट मोडल्याबद्दल तो मला एक शब्द बोलला नाही. माझ्या आठ दिवसांच्या गप्प बसण्याची खरी किंमत कोण भरत होतं ते मला त्या ओट्यावर कळलं. प्लास्टर निघाल्यावर दत्तू पुन्हा गाडी चालवू लागला. पहिल्या सर्व्हिसिंगला स्वतः चालवत आला, चाळीसच्याच वेगाने.

पाडव्याला मी स्टोअरच्या खिडकीतून रॅम्प बघत होतो. कौसाबाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या होत्या, नवं लुगडं नेसून. प्रत्येक गाडीला हार त्याच घालत होत्या, ब्रेकच्या दांडीपासून दूर, आणि प्रत्येकाशी दोन शब्द बोलत होत्या. देवळ्याकडचं एक जोडपं होतं. नवऱ्याने हार जरा ओढून बघितला, तुकडा सुटल्यासारखा झाला आणि त्याचा चेहराच उतरला. विचारलं, मावशी, घरापर्यंत टिकेल ना हा?

"टिकला तर चांगलं," कौसाबाई म्हणाल्या. "तुटला तर त्याच्याहून चांगलं. गाडीवर येनार व्हतं ते हारानं आपल्या आंगावर घेतलं, आसं समजायचं."

त्या माणसाचा चेहरा उजळला. बायकोने हाराला हात लावून नमस्कार केला. मी खिडकीत उभा राहून या वाक्यात खोटं काय आहे ते शोधत होतो. मला काही सापडलं नाही. अक्षरशः तसंच होतं ते. मी लोकांना टायर आणि ब्रेक समजावत राहिलो आणि एका दत्तूशिवाय कुणी ऐकलं नाही. या बाईने एका वाक्यात अपशकुनाचा शकुन केला आणि सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर पहिल्या सर्व्हिसिंगला येणारे लोक मला कौतुकाने सांगू लागले. काका, चांदवडपाशी हार तुटला, सुटलो. काका, आमचा दोन ठिकाणी तुटला. एकाने तर तक्रार केली की त्याचा हार घरापर्यंत अख्खाच गेला, काही गडबड तर नाही ना? पुढच्या दसऱ्याला कौसाबाईंकडे आधीची शोरूमं परत आली आणि नवी दोन आली. सुनेला आणि शेजारच्या बायकांना त्यांनी तो जोड शिकवला. पंचवटीत आता बऱ्याच जणी तसे हार करतात आणि गाडीचा हार असाच असतो असं समजतात. कुणी केला, का केला, ते कुणाला माहीत नाही. कौसाबाईंनाही त्याचं काही वाटत नाही. म्हणून मी इथे लिहून ठेवतो आहे.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. रॅम्पवरच छोटासा निरोपसमारंभ झाला, शेठ दोन शब्द चांगले बोलले. कौसाबाई आल्या होत्या, आता जरा वाकल्यात. त्यांनी पाटीतून झेंडूचा हार काढला आणि माझ्या गळ्यात घातला. इतक्या वर्षांची सवय. माझा हात आपोआप हाराकडे गेला आणि मी जोड कुठे सुटतो ते बघायला तो ओढला. सुटला नाही. आणखी जोरात ओढला. मानेला दोरा रुतला.

"वढा किती वढायचा त्यो," कौसाबाई म्हणाल्या. "ह्यो नाय तुटायचा. माणसाचा हाय."

मी फुलं बाजूला सारून बघितलं. आत हिरवा नायलॉनचा दोरा होता.

"तुमचंच रीळ," त्या म्हणाल्या. "पडून व्हतं. आज संपलं."

घरी बायको औक्षणाचं ताट करून वाट बघत होती. माझी स्कूटर मी शोरूममध्येच ठेवली आणि हार गळ्यात तसाच ठेवून रिक्षाने घरी गेलो.